कागद आणि बंदूक, एकाच घरात

(कौटुंबिक सल्ला केंद्रांतल्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा हा मजकूर.)

काल दुपारच्या गटचर्चेत एका तरुण कार्यकर्तीनं विचारलं, "ताई, आपण बायकांना सांगतो, तक्रार कर, अर्ज दे, तारखेला ये. त्यापेक्षा अमेरिकेसारखं प्रत्येकीच्या पर्समध्ये पिस्तूल असतं तर? मग हात उचलायची हिंमत झाली असती का कुणाची?" काहीजणी हसल्या, काहींनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र तो प्रश्न हसण्यावारी न्यावासा वाटला नाही. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत सामूहिक बलात्काराची ती भीषण घटना घडली. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्यानं खास बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर आणलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. आपल्याकडे येणाऱ्या बाईला सव्वा लाख रुपये एकत्र दिसले, तर ती आधी भाड्यानं खोली घेईल. पण ते सोडा. 'बाईच्या हातात शस्त्र द्या' हा विचार आपल्याकडेही येऊन पोचलेला आहे, एवढंच मला सांगायचंय. तेव्हा जिथे तो कायद्यानं आणि बाजारानं पुरता रुजलाय, तिथे बायकांचं काय झालं, ते बघूया.

या विषयाकडे मी कशी वळले, ते आधी सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या केंद्रात एक बाई आली. नवरा खाजगी सुरक्षारक्षक. स्वतःची परवान्याची बाराबोअर बंदूक असली की पगार बरा मिळतो, म्हणून त्यानं ती घेतलेली. मी नेहमीचा अर्ज भरत होते. मारहाण करतो का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आधी करायचा. आता नाही करत. आता गरजच नाही राहिली त्याला. जेवायला बसला की बंदूक खाटेवर ठेवतो, माझ्याकडे तोंड करून." मी अर्जावर लिहिलं, 'मारहाण : सध्या नाही.' आणि तिला पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

पंधरा दिवसांनी ती आली आणि पदराची गाठ सोडून तिनं टेबलावर काडतुसं ठेवली. "ताई, ही तुमच्याकडे असू द्या. घरात असली की झोप लागत नाही." माझे हातपाय गार पडले. आमच्या वकील मैत्रिणीच्या सल्ल्यानं त्याच संध्याकाळी लेखी अर्जासह ती आम्ही पोलीस ठाण्यात जमा केली. तिथले साहेब म्हणाले, "परवाना आहे ना त्याच्याकडे? मग बेकायदा काय आहे यात?" पुढे न्यायालयाचा आदेश होऊन बंदूक प्रत्यक्ष घराबाहेर जायला अडीच महिने लागले. ते अडीच महिने ती बाई बहिणीकडे राहिली. 'घरातलं शस्त्र काढून घ्यायचं काम कुणाचं?' हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात बसला. त्याचं उत्तर शोधत मी अमेरिकेच्या कायद्यापर्यंत गेले, कारण या प्रश्नाशी सगळ्यात जास्त झगडलेला देश तोच.

तिथली परिस्थिती थोडक्यात अशी. २०१७ च्या एका आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार अमेरिकेत नागरिकांच्या हातात सुमारे ३९ कोटी ३० लाख बंदुका होत्या. म्हणजे माणसांपेक्षा बंदुका जास्त. २०२२ या एका वर्षात तिथे ४८ हजारांहून जास्त माणसं बंदुकीच्या गोळीनं मेली. त्यांतल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. १७९१ साली त्यांच्या राज्यघटनेत दुसरी दुरुस्ती झाली. शस्त्र बाळगण्याचा लोकांचा हक्क तिच्यातून आला. तो हक्क नागरी सेनेपुरता की प्रत्येक माणसाचा, हा वाद पुढे दोनशे वर्षं चालला. २००८ साली हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की स्वसंरक्षणासाठी घरात पिस्तूल ठेवणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. २३ जून २०२२ ला ब्रुएन खटल्यात ते आणखी पुढे गेलं आणि हा हक्क घराबाहेरही लागू झाला. कपड्याखाली किंवा पर्समध्ये लपवून पिस्तूल बाळगायला पूर्वी बहुतेक राज्यांत परवाना लागे. तो मिळवायला न्यूयॉर्कमध्ये तर खास कारण दाखवावं लागे. ती अट रद्द झाली. आज २९ राज्यांत लपवून पिस्तूल बाळगायला परवानाच लागत नाही.

आता बायकांकडे वळू. १९८९ साली तिथल्या एका मोठ्या बंदूक कंपनीनं 'लेडीस्मिथ' नावाचं रिव्हॉल्व्हर खास बायकांसाठी काढलं. १९९३ साली बंदूकधारकांच्या सगळ्यात बलाढ्य संघटनेनं 'बळी व्हायचं नाकारा' अशा अर्थाच्या नावाचा कार्यक्रम सुरू केला. ही भाषा आपल्या ओळखीची आहे ना? आपणही म्हणतो, बाईनं सबला व्हावं, सोसू नये. आपल्या चळवळीचे शब्द उचलून बाजार आपला माल कसा विकतो, त्याचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही. २०२३ च्या एका मोठ्या सर्वेक्षणात अमेरिकेतल्या २५ टक्के बायकांनी स्वतःच्या मालकीची बंदूक असल्याचं सांगितलं.

पण बंदूक घेणाऱ्या त्या सगळ्या बायका भोळ्या आहेत असं म्हणून आपली सुटका नाही. १६ ऑक्टोबर १९९१ ला टेक्सासमधल्या किलीन गावच्या एका भोजनगृहात एका माणसानं गोळीबार केला. २३ माणसं मेली. सुझॅना ग्रॅशिया हप नावाची बाई आईवडिलांबरोबर तिथे जेवत होती. तिचं रिव्हॉल्व्हर बाहेर गाडीत राहिलं होतं, कारण ते लपवून जवळ बाळगणं तेव्हा टेक्सासमध्ये गुन्हा होता. तिचे आईवडील दोघंही मारले गेले. ती पुढे विधिमंडळात निवडून गेली आणि लपवून शस्त्र बाळगण्याच्या हक्कासाठी आयुष्यभर बोलत राहिली. दुसरी घटना २०१५ सालची, न्यू जर्सीतली. एका बाईनं जुन्या मित्राविरुद्ध न्यायालयाकडून संरक्षण आदेश मिळवला होता आणि पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. कायद्यानं ३० दिवसांत निकाल लागायला हवा होता, तो लागला नाही. त्या माणसानं तिला तिच्या दारातच भोसकून मारलं. या दोन बायकांसमोर उभं राहून 'शस्त्र वाईट असतं' असं प्रवचन मी देऊ शकणार नाही.

तरीही, बाईला धोका बहुतांशी कुणाकडून असतो? अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसापेक्षा घरातल्या, ओळखीच्या, एके काळी प्रेम केलेल्या माणसाकडून तो जास्त असतो, हे आपल्याला रोजच्या कामातून माहीत आहे. आणि घरात बंदूक आली, की ती कुणाच्या नावावर आहे याला फारसा अर्थ उरत नाही. ती त्या घरात जो वरचढ आहे त्याची होते. जॅकलिन कॅम्पबेल या परिचर्याशास्त्राच्या प्राध्यापिका. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ११ शहरांतल्या बायकांच्या खुनांचा अभ्यास करून २००३ साली दाखवून दिलं, की मारझोड करणाऱ्या पुरुषाच्या हाती बंदूक येऊ शकत असेल, तर त्या बाईचा खून होण्याचा धोका सुमारे पाचपट होतो. कॅलिफोर्नियातला २०२२ चा अभ्यास आणखी बोलका आहे. स्वतःकडे पिस्तूल नाही पण घरातल्या दुसऱ्या माणसाकडे आहे, अशा लोकांचा तो अभ्यास. नवऱ्याच्या किंवा जोडीदाराच्या गोळीनं मरण्याचं प्रमाण त्यांच्यात सातपट निघालं, आणि असं मरण आलेल्यांत ८४ टक्के बायका होत्या. आणि स्वतःचं पिस्तूल असलेल्या बायका? त्याच राज्यातल्या २०२० च्या अभ्यासानुसार, पिस्तूल नसलेल्या बायकांच्या तुलनेत त्यांच्यात स्वतःवर गोळी झाडून मरण्याचं प्रमाण ३५ पट होतं. खचलेल्या मनाच्या बाईजवळ पिस्तूल ठेवणं म्हणजे काय, हे विष प्यायलेल्या बायकांना सरकारी दवाखान्यात भेटायला गेलेल्या तुम्हा सगळ्यांना कळेल. तिथून काहीजणी तरी परत येतात. गोळीतून क्वचितच.

आणि समजा, तिनं पिस्तूल वापरलंच, तर? फ्लोरिडातली मरिसा अलेक्झांडर ही कृष्णवर्णीय बाई. पिस्तूल लपवून बाळगण्याचा परवाना तिच्याकडे होता. मारहाण करणाऱ्या नवऱ्याविरुद्ध संरक्षण आदेशही होता. ऑगस्ट २०१० मध्ये, बाळंत होऊन नऊच दिवस झाले असताना, त्यांचं भांडण झालं. तिनं गाडीतून पिस्तूल आणलं आणि एक गोळी झाडली. गोळी भिंतीत गेली. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. धोका असेल तर माघार न घेता बळ वापरायची मुभा देणारा कायदा फ्लोरिडात आहे. तिनं त्याचा आधार मागितला. न्यायाधीशांनी तो नाकारला; ती घराबाहेर पडू शकली असती, पिस्तूल घेऊन परत आत आली, असं त्यांनी म्हटलं. २०१२ साली तिला २० वर्षांची शिक्षा झाली. ती शिक्षा अपिलात रद्द झाली, पण सुटका व्हायला २०१५ साल उजाडलं, तीही दोन वर्षांच्या नजरकैदेत. परवाना होता, आदेश होता, पिस्तूल होतं. कायद्याचा विश्वास तेवढा नव्हता.

तेव्हा, कालचा प्रश्न मला उलटा करून विचारायचा आहे. बाईच्या हातात पिस्तूल द्यायचं का, हा प्रश्न नंतरचा. त्याच्या हातातलं कोण काढून घेणार?

अमेरिकेतल्या स्त्रीसंघटनांनी हा प्रश्न फार पूर्वी धसाला लावला. १९९४ साली कायदा झाला, की ज्याच्याविरुद्ध जोडीदाराला संरक्षण देणारा न्यायालयीन आदेश आहे, त्यानं बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा. १९९६ साली सिनेटर फ्रँक लाउटेनबर्ग यांच्या पुढाकारानं त्यात भर पडली. कौटुंबिक हिंसाचाराच्या किरकोळ समजल्या जाणाऱ्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यालाही बंदूक बंद. यातून पोलीस आणि लष्करातले पुरुषही सुटले नाहीत, हे विशेष.

कायदा चांगला, पण फटी बघा. पहिली फट, हा कायदा लग्नाच्या, एकत्र राहणाऱ्या किंवा मूल असलेल्या जोडप्यांपुरता होता. नुसता मित्र असलेला पुरुष त्यातून सुटे. २५ जून २०२२ च्या कायद्यानं ही फट बुजवली, तीही अर्धवट, शिक्षा झालेल्यांपुरती. दुसरी, दोन्ही बाजू ऐकण्याची संधी देऊन दिलेला आदेशच इथे धरला जातो. बाई घर सोडते, तातडीचा एकतर्फी आदेश मिळवते, ते पहिले दिवस सगळ्यात धोक्याचे. नेमके तेच केंद्रीय कायद्याच्या बाहेर. तिसरी, खरेदीदाराची पूर्वतपासणी परवानाधारक दुकानदाराला बंधनकारक आहे. आपली बंदूक विकणाऱ्या खाजगी माणसाला केंद्रीय कायद्यानं तशी सक्ती नाही. काही राज्यांनी ती स्वतःहून केली आहे. आणि चौथी, सगळ्यात मोठी. 'बंदूक बाळगू नये' असं कायदा म्हणतो. ती कुणी, किती दिवसांत, कुठे जमा करून घ्यायची, हे केंद्रीय कायदा सांगत नाही. कॅलिफोर्नियात आदेश बजावल्यापासून २४ तासांत शस्त्र जमा करावं लागतं आणि ४८ तासांत त्याची पावती न्यायालयात दाखल करावी लागते. असं स्पष्ट सगळीकडे लिहिलेलं नाही.

नुसत्या कागदावर भिस्त ठेवली की काय होतं, ते कोलोरॅडोतल्या कॅसल रॉक गावच्या जेसिका गोन्झालेसला विचारा. जून १९९९ मध्ये नवरा तिच्या तीन मुलींना घेऊन गेला. तिच्याकडे आदेश होता. तो मोडल्यास अटक करा, असं त्यावर पोलिसांसाठी छापलेलं होतं. संध्याकाळपासून मध्यरात्रीनंतरपर्यंत ती पोलिसांना फोन करत राहिली, शेवटी स्वतः ठाण्यात गेली. वाट बघा, असंच तिला सांगितलं गेलं. पहाटे नवरा ठाण्यासमोर आला आणि त्यानं गोळीबार सुरू केला. पोलिसांच्या गोळीनं तो मेला. त्याच्या गाडीत तिन्ही मुलींची प्रेतं सापडली. पिस्तूल त्यानं त्याच संध्याकाळी विकत घेतलं होतं. २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ असा निकाल दिला, की आदेशाची अंमलबजावणी पोलिसांनी करावीच, असा घटनात्मक हक्क तिला नाही. अमेरिकी खंडांच्या मानवी हक्क आयोगानं २०११ साली सरकारला दोषी धरलं. पण तोवर बारा वर्षं गेली होती.

आता शेवटचा खटला. २०२२ च्या ब्रुएन निकालात न्यायालयानं एक कसोटी घालून दिली. बंदुकीवरचं कुठलंही बंधन देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसलं पाहिजे. ऐकायला साधं वाटतं. पण ज्या काळाची परंपरा शोधायची, त्या काळात बायकांना मत नव्हतं. ते १९२० साली मिळालं. लग्न झालेल्या बाईला कायद्यात वेगळं अस्तित्वच नव्हतं. १८६८ साली नॉर्थ कॅरोलिनाच्या न्यायालयानं बायकोला छडीनं मारणाऱ्या नवऱ्याला शिक्षा केली नाही, घरच्या कारभारात आपण पडू नये म्हणून. नवऱ्याला बायकोला मारण्याचा हक्क नाही, हे अलाबामाचं न्यायालय म्हणालं ते १८७१ साली. बायकोला मारणाऱ्याची बंदूक काढून घेणारा कायदा त्या जुन्या वह्यांत सापडणार तरी कसा? मनुस्मृतीत पोटगीचा कायदा शोधण्यासारखंच ते.

टेक्सासच्या रहीमी खटल्यात नेमकं हेच पुढे आलं. या माणसानं डिसेंबर २०१९ मध्ये आपल्या मुलाच्या आईला भर वाहनतळावर ओढत नेलं, गोळी झाडली, आणि बोललीस तर तुला गोळी घालीन, अशी नंतर धमकी दिली, असं न्यायालयाच्या कागदपत्रांत आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्याविरुद्ध आदेश झाला, बंदुकीचा परवाना निलंबित झाला. तरी पुढे त्याचं नाव एकामागून एक गोळीबारांत आलं. त्या तपासात पोलिसांनी घराची झडती घेतली, तेव्हा पिस्तूल सापडलं, रायफल सापडली, गोळ्या सापडल्या आणि त्याच संरक्षण आदेशाची प्रत सापडली. मैत्रिणींनो, कागद आणि बंदूक एकाच घरात! २०२३ साली खालच्या केंद्रीय अपील न्यायालयानं १९९४ चा तो कायदाच परंपरेत बसत नाही म्हणून घटनाबाह्य ठरवला. सुदैवानं २१ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ८ विरुद्ध १ अशा बहुमतानं तो वाचवला. धाक दाखवणाऱ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन घेण्याचे जुने कायदे होते, त्यांच्या आधारावर. बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. पण ध्यानात घ्या, त्या घरातली बंदूक सापडली ती आदेश बजावायला कुणी गेलं म्हणून नाही. त्याचं नाव दुसऱ्या गोळीबारांत आलं म्हणून.

आपल्या लेकी, भाच्या, शेजारणी आज अमेरिकेत आहेत. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेली, गाडी चालवता न येणारी, माहेरी फोनवर 'सगळं ठीक आहे' म्हणणारी मुलगी त्यांतलीच. न्यू जर्सीत १९८५ पासून 'मानवी' आणि न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून 'सखी' या संस्था दक्षिण आशियाई बायकांसाठी उभ्या राहिल्या, त्या याच अनुभवातून. तिकडच्या मुलीशी बोलताना 'मारतो का?' याबरोबर 'घरात बंदूक आहे का?' हेही विचारायला आपण शिकलं पाहिजे.

आणि इथे? इथे बंदुका कमी आहेत, ही आपली जमेची बाजू. १९५९ च्या शस्त्र कायद्यानं परवाना हा हक्क न राहता सवलत आहे, आणि सार्वजनिक सुरक्षेसाठी तो निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या नियमांनुसार, हिंसेत गुंतलेलं शस्त्र जप्त करण्यासाठी दंडाधिकाऱ्यांच्या लेखी निर्देशावरून संरक्षण अधिकारी पोलिसांची मदत घेऊ शकतो. म्हणजे आपल्याकडेही कागद आहे. तो किती वेळा वापरला आपण? मी स्वतः त्या बाईच्या बाबतीत तो पहिल्या दिवशी वापरला नाही, कारण मी विचारलंच नाही.

म्हणून मी तीनच गोष्टी मागते. आपल्या सगळ्या केंद्रांच्या अर्जात आजपासून एक ओळ वाढवा : घरात किंवा त्याच्या कामावर बंदूक आहे का, कोयता, तलवार, ॲसिड आहे का, आणि ते दाखवून तो धमकावतो का. उत्तर 'हो' असेल, तर पंधरा दिवसांची तारीख द्यायची नाही, त्याच दिवशी पुढचं पाऊल टाकायचं. संरक्षण आदेशाच्या प्रत्येक अर्जात शस्त्रजप्तीची स्पष्ट मागणी लिहायची, आणि बंदूक परवान्याची असेल तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला वेगळं पत्र द्यायचं. आणि शस्त्र जमा झाल्याची पावती आपल्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फाईल कपाटात ठेवायची नाही.

कालच्या मैत्रिणीला माझं उत्तर एवढंच. तुझा राग खरा आहे, तो सोडू नकोस. पण त्या बाईनं पदराला बांधून आणलेली काडतुसं आठव. तिला पिस्तूल नको होतं, तिला झोप हवी होती. जे काम कायद्यानं आणि आपण करायचं, ते ती एकटी करत होती. ते तिच्या पदरातून काढून आपल्या हातात घेऊया.